फेसाचा पंप, बोअरचं पाणी आणि बालवाडीचा साबण

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली ही बालवाडी. तीन ते सहा वर्षांची तीसेक मुलं, हात धुवायला एक लांब मोरी आणि तिच्यावर चार नळ. एका पालकाने मुलाच्या वाढदिवसाला चॉकलेटं न वाटता फेस देणाऱ्या पंपाच्या सहा बाटल्या बालवाडीला दिल्या. त्याआधी तिथे साबणाची वडी असायची. वडीने हात स्वच्छ होत नाहीत असं मुळीच नाही, घरोघरी ती चांगलं काम करते. पण चार वर्षांच्या मुलाला ओल्या हातात वडी धरवत नाही. ती मोरीत पडते, उचलताना पुन्हा निसटते आणि तेवढ्यात मागच्या रांगेत ढकलाढकली सुरू होते. फेसाचं तसं नाही. तळहातावर पांढरा गोळा पडला की मुलं आपणहून दोन्ही हात चोळू लागतात, त्यांना सांगावं लागत नाही. म्हणून ताईंना हे पंप चालू राहायला हवे होते.

बाटल्यांसोबत आलेला साबण महिनाभरात संपला. तसाच तयार साबण विकत घेणं परवडेना, म्हणून ताईंनी दुकानातला नेहमीचा दाट हँडवॉश आणला आणि एकास चार या प्रमाणात नळाला येणारं बोअरचं पाणी मिसळून बाटल्या भरल्या. पंधरवड्यातच तक्रारी सुरू झाल्या. पंप जड झाले, फेसाऐवजी पातळ पिचकारी उडू लागली, दोन बाटल्यांना कुबट वास आला. दरम्यान एका आईने घरी साबणाच्या वड्या किसून, गरम पाण्यात विरघळवून मोठं पातेलंभर साबण करून दिला. गरम असताना तो छान पातळ होता. सकाळी पाहिलं तर बुळबुळीत, तार सुटणारा लगदा झाला होता आणि पंपातून थेंबही वर चढत नव्हता. "पंपच हलके निघाले," असं सगळ्यांचं मत पडलं. मी गावातल्याच महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा टाकून देण्याआधी एकदा बघा म्हणून ताईंनी बाटल्या माझ्याकडे पाठवल्या.

बिघाड पाण्यात होता, आणि एकदा नव्हे तर तीन ठिकाणी. घरी फेसाचा साबण करू पाहणाऱ्या अनेकांचं गाडं इथेच अडतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

पंप उघडल्यावर

या पंपात दोन कप्पे असतात. लहान कप्पा साबणाच्या पाण्याचा, त्याहून बराच मोठा कप्पा हवेचा. वरून दाबलं की दोन्ही एकदम दाबले जातात, हवा आणि साबण तोंडाजवळ एकत्र येतात आणि नायलॉनच्या अगदी बारीक जाळीतून बाहेर पडतात. बहुतेक पंपांत अशा दोन जाळ्या एकामागोमाग बसवलेल्या असतात. फेस तिथे तयार होतो. म्हणजे मुलाने हात चोळून जो फेस काढायचा, तो पंप आधीच काढून देतो. यासाठी साबण जवळजवळ पाण्याइतका पातळ हवा आणि त्यात जाळीत अडकेल असं काहीही नको.

जड झालेल्या पंपाचं तोंड खोलून जाळी भिंगाखाली धरली. तिच्यावर पांढरट, मेणचट थर होता. नखाने खरवडला तर नखात बसला, साध्या पाण्याने निघेना. कोमट व्हिनेगरमध्ये तासभर ठेवून मग भांडी घासायच्या द्रवाच्या गरम पाण्यात हलवल्यावर जाळी मोकळी झाली. त्याच पंपाच्या बाटलीत बोअरचंच पाणी घेऊन भांडी घासायच्या द्रवाचे थोडे थेंब टाकले, तर पंपाने पहिल्याच दाबाला घट्ट फेस दिला. पंप निर्दोष आहे हे तिथेच कळलं.

मग हँडवॉशच्या बाटलीवरची घटकांची यादी वाचली. पहिल्या काही नावांत पोटॅशियम लॉरेट आणि पोटॅशियम मिरिस्टेट होतं. म्हणजे हा हँडवॉश मुळात साबणच होता, भांड्यांच्या द्रवासारखा डिटर्जंट नव्हे. पुढे ग्लायकॉल डायस्टिअरेट होतं. हँडवॉशला मोत्यासारखी झाक देणारे हे बारीक स्फटिक असतात. दाट द्रवात ते तरंगत राहतात, पातळ केला की तळाशी बसतात आणि जाळीत अडकतात. फेसाच्या पंपासाठी विकतचा हँडवॉश पातळ करायचाच असेल, तर तो आरपार दिसणारा निवडावा, झाक असलेला नव्हे.

पण पांढऱ्या थराचं मुख्य कारण बोअर होतं. पाण्याची कठीणता, म्हणजे जडपणा, तपासली, ती लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आसपास निघाली. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने २०० ही योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० ही कमाल मर्यादा धरली आहे. तेव्हा हे पाणी पिण्यास नालायक नव्हे, पण साबणाशी त्याचं जमत नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं आणि पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. किती? मी हिशेब मांडला. ५०० कठीणतेच्या एका लिटर पाण्यात साधारण अडीच ग्रॅम साका होतो. बाटलीतल्या एकूण साबणाच्या मानाने ही घट नगण्य आहे, म्हणून साबणाची ताकद कमी झाल्याचं कुणाला जाणवत नाही. पण केसाहून बारीक भोकांच्या जाळीला अडीच ग्रॅम मेणचट साका पुरून उरतो. तेच हँडवॉश बालवाडीत पिण्यासाठी येणाऱ्या जारच्या पाण्यात मिसळून रात्रभर ठेवलं तर पांढऱ्या कण्या दिसल्या नाहीत, फक्त ती झाक तळाला बसली. बोअरचं पाणी उकळून घेतलं तेव्हा फरक पडला पण थोडाच, कारण उकळून पाण्याची सगळी कठीणता जात नाही.

कुबट वास

वासाला लोक हसण्यावारी नेतात. साबणात जंतू कसे वाढतील, असं वाटतं. पण हँडवॉशमधलं परिरक्षक, म्हणजे तो नासू न देणारं द्रव्य, त्याच्या मूळ दाटपणाच्या हिशेबाने घातलेलं असतं. चारपट पाणी घातलं की ते एकपंचमांशावर येतं, आणि ते पाणी टाकीतलं, न उकळलेलं. त्यात बाटली अर्धी झाली की वरून पुन्हा भरायची पद्धत, म्हणजे तळाचा जुना साबण कधीच संपत नाही. अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत नेमकं हेच तपासलं गेलं. पुनःपुन्हा भरल्या जाणाऱ्या तिथल्या १४ च्या १४ साबणपात्रांत जंतूंची वाढ सापडली आणि त्या साबणाने हात धुतल्यावर मुलांच्या व शिक्षकांच्या हातांवरचे ‘ग्रॅम-निगेटिव्ह’ या गटातले जंतू सुमारे २६ पट वाढले. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्याच्याही आधी, २००२ मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने रुग्णालयांसाठी हात धुण्याच्या सूचना काढल्या, त्यात अर्धवट भरलेल्या साबणपात्रात वरून साबण घालू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. ज्या मुलांचं जेवण हात धुतल्यानंतर लगेच असतं, त्यांच्यासाठी कुबट बाटली ही गंभीर गोष्ट आहे. त्या दोन बाटल्यांतला साबण त्याच दिवशी ओतून दिला.

घरचा साबण, पण कुठल्या क्षाराचा

आता प्रश्न उरला तो नवा साबण करायचा का. पालकांची इच्छा तेलाच्या साबणाची होती. गावात करडईचं तेल ताजं मिळतं, खोबरेल तर घराघरात आहे.

किसलेल्या वड्यांचा लगदा का झाला ते आधी त्या आईला समजावलं. वडी कॉस्टिक सोड्याची, म्हणजे सोडियमची असते. सोडियमचा साबण गार पाण्यात फारसा विरघळत नाही. गरम असताना तो वाहतो आणि निवला की जाळं धरून घट्ट होतो. आणखी पाणी घातलं तरी तो एक तर लगदा राहतो नाहीतर फेस न येणारं पाणी. पातळ साबणाला कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं. ते किराणा दुकानात मिळत नाही, प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्याकडे मागावं लागतं. ते नाही मिळालं म्हणून त्याच वजनाचा कॉस्टिक सोडा घालणं घातक आहे. सोड्याचा रेणू हलका, ४० चा, पोटॅशचा ५६ चा. वजन तेच ठेवलं तर क्षार चाळीस टक्के जास्त पडतो आणि तो मुलांच्या हातावर येतो.

घाणा असा धरला: खोबरेल २५० ग्रॅम, करडईचं तेल २०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. खोबरेल भरभरून फेस देतं आणि त्याचा साबण पाण्यात चटकन विरघळतो, मात्र जास्त झालं तर हात कोरडे पडतात. करडई तो कोरडेपणा आवरते. एरंडेलाने फेस टिकतो आणि साबण आरपार दिसतो. प्रत्येक तेलाला लागणारा पोटॅश वेगळा असतो. एक ग्रॅम खोबरेलाला ०.२५७ ग्रॅम, करडईला ०.१९०, एरंडेलाला ०.१८०. बेरीज १११ ग्रॅमच्या थोडी वर जाते. पण बाजारातला पोटॅश हवेतली ओल शोषतो आणि पाकळ्यांच्या स्वरूपात तो साधारण ९० टक्केच शुद्ध असतो, म्हणून १२४ ग्रॅम. त्यातून दोन टक्के कमी करून थोडं तेल मोकळं, म्हणजे साबण न होता, ठेवलं आणि १२१ ग्रॅमवर थांबलो. वड्या करताना लोक पाच-सात टक्के तेल मोकळं ठेवतात, पातळ साबणात तेवढं चालत नाही. ते तेल वर तरंगतं आणि पंपात जातं. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवत असेल तरच हे काम हाती घ्यावं, वाटी-चमच्याने मोजून हा साबण होत नाही.

हे सगळं महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत केलं, बालवाडीत नव्हे. जिथे लहान मुलं असतात त्या इमारतीत पोटॅशचा डबा शिरूच नये, असं माझं ठाम मत आहे. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. स्टीलच्या पातेल्यात ३६३ ग्रॅम पाणी आणि त्यात पोटॅश थोडाथोडा. पाण्यात पोटॅश घालायचा, पोटॅशवर पाणी कधीच ओतायचं नाही, कारण ते उसळतं. जर्मनचं किंवा हिंडालियमचं पातेलं चुकूनही घेऊ नये. ॲल्युमिनियमवर हा क्षार तुटून पडतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. अंगावर थेंब उडालाच तर नळाखाली वाहत्या पाण्यात निदान पंधरा मिनिटं धुवावं, त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नये. डोळ्यात गेला तर धुता धुता दवाखान्याची तयारी करावी.

तेलं सत्तर अंशांच्या आसपास तापवून त्यात क्षाराचं पाणी ओतलं आणि हातातल्या ब्लेंडरने थांबत थांबत घुसळलं. आधी ते फाटल्यासारखं वेगळं होतं. घाबरून वरून आणखी पोटॅश घालायचा मोह इथेच होतो, तो टाळावा. थोड्या वेळाने मिश्रण मिळून येतं, दाट होतं, मग ब्लेंडर फिरेनासा होतो. पुढे स्टीलच्या चमच्याने खालवर करत उकळत्या पाण्यावर धरलेल्या पातेल्यात दोन-तीन तास. चिक्कीच्या पाकाला येते तशी तार सुटते आणि पांढरा गोळा हळूहळू मधाच्या रंगाचा, अर्धपारदर्शक होतो. साधारण ९५० ग्रॅम गोळा निघाला, त्यात निम्म्याहून थोडा अधिक साबण आणि बाकी पाणी व ग्लिसरीन.

झाला की नाही हे पाहण्यासाठी आपल्याकडे पुष्कळजण हळद लावतात. हळद लाल झाली की क्षार उरला असं समजतात. साबणाच्या बाबतीत ही परीक्षा कामाची नाही, कारण चांगला झालेला साबणही ९ ते १० पीएचचा, म्हणजे क्षारयुक्तच असतो आणि त्यानेही हळद लालच होते. अल्कोहोलमध्ये थोडासा गोळा विरघळवून फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकावेत. मोकळा पोटॅश असेल तर गडद गुलाबी रंग येतो. दुसरी परीक्षा घरी जमणारी: चिमूटभर गोळा डिस्टिल्ड वॉटरमध्ये, गरम करून विरघळवायचा. पाणी स्वच्छ राहिलं तर तेल पूर्ण मुरलं. दुधट झालं तर आणखी तासभर शिजवायचं.

पातळ करताना

गोळा एक भाग, जारचं उकळून निवलेलं पाणी चार भाग. साबण साडेअकरा टक्क्यांच्या आसपास येतो, फेसाच्या पंपाला एवढा पुरे. जार आरओचा असल्याने त्या पाण्याची कठीणता कमी, पण जारही नेहमी स्वच्छ असतो असं नाही, म्हणून उकळणं सोडू नये. जिथे जार नाही तिथे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी चालतं, स्वच्छ पत्र्यावरून गाळून घेतलेलं पावसाचं पाणीही उत्तम. गोळा गरम पाण्यात टाकून झाकून रात्रभर ठेवायचा, ढवळत बसायचं नाही. सकाळी तळाशी किंवा वर काही दिसलं तर पातळ सुती फडक्यातून गाळायचं.

या टप्प्यावर पालकांकडून प्रेमाने बऱ्याच सूचना आल्या. कोरफडीचा गर घाला, कडुनिंबाचा काढा घाला, लिंबू पिळा. सगळ्या नाकारल्या. ताज्या कोरफडीचा गर चिकट असतो, जाळी धरतो आणि दोन-चार दिवसांत नासतो. काढ्याचंही तेच. लिंबू साबणाला मोडतं. आम्लाने साबणाचं पुन्हा मेदाम्ल होतं, पाणी दुधट होतं आणि वर तेलकट तवंग येतो. "साबणाचा पीएच त्वचेइतका आणू" म्हणून लिंबाचं सत्त्व घालणाऱ्यांचा घाणा याच कारणाने फुकट जातो. रिठ्याचा विचार मी स्वतः केला होता. रिठ्याला सुंदर फेस येतो, पण पाणी लवकर आंबतं आणि मुलांच्या डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं.

परिरक्षकाबाबतही एक घरगुती समज आड आला. सरबतांत घालतो तो सोडियम बेंझोएट घालू, असं ताई म्हणाल्या. बेंझोएट आंबट द्रवातच काम करतो, साबणाच्या क्षारयुक्त पाण्यात तो असून नसल्यासारखा. म्हणून फिनॉक्सीइथेनॉल, लिटरला ८ ग्रॅम. पण खरी भिस्त त्याच्यावर ठेवली नाही. न पातळ केलेला गोळा घट्ट झाकणाच्या बरणीत महिनोन्महिने टिकतो, कारण त्यात पाणी कमी आणि क्षारता जास्त. तेव्हा बरणी कपाटात आणि पातळ साबण दर पंधरवड्याला लागेल तेवढाच. बाटली पूर्ण रिकामी करायची, गरम पाण्याने धुवायची, पालथी घालून कोरडी करायची आणि मगच भरायची. त्यासाठी सहांपैकी तीन बाटल्या वापरात आणि तीन वाळत, अशी पाळी लावून घेतली. बालवाडीच्या मावशींनी ही पाळी इतकी मनावर घेतली की बाटल्यांच्या बुडाला लाल आणि हिरवा ठिपका लावून टाकला, म्हणजे कुणी घाईत ओली बाटली भरायला नको.

हातावर मरणारा फेस

पंप मोकळे चालू लागले, वास गेला. पण ताईंचा निरोप आला: "मॅडम, फेस तर छान पडतो, पण मुलांनी नळाखाली हात नेला की लगेच मरतो, आणि हात चिकट लागतात."

कारण पुन्हा बोअर. एका दाबाला साधारण ०.८ मिलिलिटर द्रव बाहेर येतो, त्यात साबण जेमतेम ०.०९ ग्रॅम. ५०० कठीणतेच्या पाण्याला एवढा साबण गिळायला ३० ते ३५ मिलिलिटर पुरतात, म्हणजे टपरीवरच्या कटिंगच्या अर्ध्या कपाएवढं पाणी. वडी वापरताना आपण हे न कळत भरून काढतो, फेस येईपर्यंत वडी फिरवत राहतो. पंप मात्र मोजून देतो, त्यामुळे जड पाण्याचा दोष त्याच्यात चटकन उघडा पडतो.

उपाय म्हणून हात धुण्याचा क्रमच बदलला. मुलं आधी हात ओले करून मग फेस घेत होती, त्यात निम्मा फेस तिथेच मरत होता. आता कोरड्या हातावर दोन दाब, नळ बंद, बोटांच्या मधे आणि नखांशी चोळायचं. त्यासाठी ताईंनी वीसपर्यंतचे आकडे म्हणायला लावले. मग नळ. फेसात स्वतःचं पाणी पुरेसं असतं, त्यामुळे कोरड्या हातावर तो चांगला पसरतो आणि मळ सुटेपर्यंत त्याला बोअरचं पाणी भेटतच नाही. नळाखाली साका होतोच, पण तोपर्यंत साबणाचं काम झालेलं असतं. पाणीही वाचलं, जे या तालुक्यात मार्चनंतर फार मोलाचं असतं.

इथे माझं मत स्पष्ट लिहिते. इतकं जड पाणी आणि तेही मुलांच्या हातांसाठी, असं असेल तर तेलाच्या साबणापेक्षा सौम्य डिटर्जंटचा पातळ द्रव, डेसिल ग्लुकोसाइड किंवा कोकामिडोप्रोपिल बीटेनचा, अधिक सरळ पडतो. कॅल्शियमला तो बधत नाही, त्याचा पीएच ५ च्या जवळ ठेवता येतो आणि तिथे ताईंचा सोडियम बेंझोएटही कामाला येतो. बनवताना पोटॅशला हातही लावावा लागत नाही. पालकांना हे सांगितलं. त्यांनी विचार करून तेलाचा साबणच ठेवला, कारण तेल त्यांच्या डोळ्यांसमोरचं होतं आणि हात धुण्याचा नवा क्रम मुलांना बसला होता. ज्यांच्याकडे नदीचं किंवा तलावाचं हलकं पाणी येतं, त्यांना हा पेच पडणारच नाही.

आता काही आयांना बचत गटातर्फे हा साबण विकायचा आहे. घरच्या वापरासाठी केला तर गोष्ट वेगळी, पण विकायचा म्हटलं की तो सौंदर्यप्रसाधनांत मोडतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांखाली उत्पादनाचा परवाना लागतो, महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. परवाना, जागा आणि तपासणी यांचा खर्च काढल्यावर गटाने सध्या तो विचार बाजूला ठेवला आहे.

घाण्यातही एक बदल ठरला आहे. उन्हाळ्यात बरणीतल्या गोळ्याला खवट वास येऊ लागला. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल फार, ते उष्णतेत लवकर खवटतं. पुढच्या घाण्यात करडईऐवजी शेंगदाण्याचं तेल घेतोय. त्याला पोटॅश ग्रॅमला ०.१९२ लागतो, म्हणजे १२१ च्या जागी फार तर अर्धा ग्रॅम जास्त. खोबरेल आणि एरंडेल आहे तेवढंच.